यंत्रयुगातील घरफोडी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पाथरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मला विषय दिला तो 'नवी यंत्रे आणि आपली घरे' असा. मी मॅट्रिक झालेला, खेड्यापाड्यांच्या शाळांतून उभी हयात खडू हातात धरलेला मनुष्य. संगणकशास्त्राचे पदवीधर आज आपल्या समाजात अनेक आहेत. त्यांना सोडून हे काम माझ्याकडे का, असे मी विचारले. चिटणीस म्हणाले, "गुरुजी, ते बोलतील ते पोरांना कळेल. आम्हांला कळेल असे कोणी तरी बोलावे." या उत्तरापुढे मला नकार देता आला नाही. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते समोर पुढच्या रांगांत बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींसाठी आहे. मागे उभ्या असलेल्या तरुणांनी थोडे सोसून घ्यावे; त्यांच्याकरिताही शेवटी दोन शब्द आहेत.

गेल्या चाळीस वर्षांत काय काय बदलले त्याची यादी मी सांगत बसणार नाही. तार आली म्हणजे घरात रडारड सुरू व्हावी आणि मग पाकीट फोडावे, असे दिवस आपण पाहिले आहेत. ती तार २०१३ च्या जुलैमध्ये देशातूनच बंद झाली. आधार क्रमांकाचा आरंभ आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाला. मोबाईलवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्क्षणी पैसे पाठविण्याची यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली आली, आणि आज पाथरीच्या बाजारात मेथीची जुडी विकणाऱ्या बाईच्या टोपलीलाही तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटविलेला असतो. या बदलांबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. पुण्याला शिकणाऱ्या मुलाला मनिऑर्डर करून ती पोचल्याच्या पावतीची आठवडाभर वाट पाहणारा बाप मी पाहिला आहे. आज तेच काम चहाचा कप निवण्यापूर्वी होते. जुने तेच सोने म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही.

परंतु पैसा ज्या वाटेने जातो त्या वाटेवर चोर उभा राहतोच. पूर्वी माळवदाच्या घरांत चोर वरून उतरत, किंवा मागच्या भिंतीला भगदाड पाडीत. सकाळी उठल्यावर भगदाड दिसे, आणि चोरी झाली हे शेंबड्या पोरालाही समजे. आजच्या चोरीत भिंत शाबूत, कुलूप शाबूत, कपाट बंद, आणि पैसा मात्र गेलेला. हा प्रकार नीट समजावा म्हणून मी आपणांस पुण्याची एक हकिगत सांगतो.

कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली, महाराष्ट्रातील जुन्या व मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी अवघ्या दोन-अडीच तासांत जगातील २८ देशांतील एटीएम यंत्रांतून या बँकेच्या नावावर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातील यंत्रांतून, त्यांत कोल्हापूरचीही यंत्रे होती, आणखी सुमारे अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, परदेशी रक्कम पाठविण्याच्या यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख! एकाही तिजोरीला पहार लागली नाही.

हे घडले कसे? आपण यंत्रात कार्ड सरकविले की ते यंत्र बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेला विचारते, "या गृहस्थाच्या खात्यावर रक्कम आहे काय? द्यावी काय?" तिकडून 'द्या' असे उत्तर आले की नोटा बाहेर पडतात. चोरांनी बँकेच्या संगणकांत घातक प्रणाली शिरविली आणि या खऱ्या उत्तर देणाऱ्याच्या जागी आपला खोटा उत्तर देणारा बसविला. त्याने प्रत्येक प्रश्नाला 'द्या, द्या' असेच उत्तर दिले. तहसील कचेरीत खऱ्या अव्वल कारकुनाला नकळत बाजूला सारून त्याच्या खुर्चीवर तोतया बसावा आणि येईल त्या अर्जावर त्याने मंजुरीचा शिक्का मारीत सुटावे, तसा हा मामला. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, नुकसान बँकेचे झाले, असे बँकेने त्या वेळी जाहीर केले.

या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. ते कोण, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. यंत्रणेत शिरणारे मुख्य सूत्रधार दूर कोठे तरी बसलेले. शिक्षा झाली ती बनावट कार्डे हातात घेऊन यंत्रांपुढे उभे राहिलेल्या, नोटा मोजून पुढे देणाऱ्या साखळीतल्या माणसांना. म्हणजे चोरी परदेशातून झाली तरी तिला हात मात्र आपल्या गावांतलेच लागले. आजही अशा चोरीचा पैसा फिरवावयास खाती लागतात आणि ती भाड्याने मागितली जातात. "तुझे बँकेचे पासबुक आणि सिमकार्ड महिनाभर दे, पाच हजार घे," असे कॉलेजच्या पोरांना सांगणारे दलाल तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. मागे उभ्या असलेल्या मुलांसाठी मी जे दोन शब्द राखून ठेवले होते, त्यांतला पहिला हाच. अशा खात्यात चोरीचे पैसे आले की पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात, आणि "मला काही ठाऊक नव्हते" हे उत्तर तेथे पुरत नाही.

ही झाली बँकेची गोष्ट. आता घरात येऊ. आपल्या शेजारच्या हिंगोलीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी नोकराला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. लग्न ३० ऑगस्टचे, अगत्याने यावे, असा मजकूर. पत्रिका उघडावी म्हणून त्याने बोट लावले आणि त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच. तिच्या वेषात मोबाईलमध्ये शिरणारी एक लहानशी प्रणाली होती. अशा फायलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. छायाचित्राला किंवा छापील पानाला ती कधीच नसतात. ती असली म्हणजे समजावे की हा कागद नाही, हा घरात घ्यावयाचा चाकर आहे. एकदा आत घेतला की आपल्याला येणारे बँकेचे संदेश तोच वाचतो, आणि ओटीपी परस्पर मालकाकडे, म्हणजे चोराकडे, पोचवितो. शेतकऱ्यांच्या सन्मान निधीच्या नावानेही अशाच फायली फिरत असतात.

चोराची निवड पाहा! सरकारी नोटीस आली असती तर मनुष्य चार वेळा विचार करता. लग्नपत्रिका मात्र आपण विचार न करता उघडतो. न उघडली तर भावकी रुसेल ही धास्ती. आपल्या समाजाची जी गोड सवय, तिलाच त्याने कडी लावली.

दुसरा प्रकार भीतीचा. त्याला 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. फोन येतो, समोर पडद्यावर पोलिसी गणवेशातला मनुष्य दिसतो, मागे कचेरीचा देखावा असतो. तो सांगतो, "तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा नोंदला आहे. खोलीचे दार लावा, फोन बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका, रक्कम तपासणीसाठी आमच्या खात्यात भरा." निवृत्त शिक्षक, डॉक्टर, अधिकारी, असे भलेभले याला बळी पडले आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून या प्रकाराबद्दल देशाला सावध केले. माझ्या माहितीचे एक निवृत्त गृहस्थ असे दोन दिवस आपल्याच खोलीत कोंडून बसले होते. सूनबाई ताट घेऊन दाराशी उभी, आणि हे आतून "भूक नाही" म्हणत. भारताच्या कोणत्याही कायद्यात फोनवरून अटक करण्याची सोय नाही. पोलीस अटक करावयास येतात ते पायी, नाही तर गाडीने येतात.

या सर्व हकिगतींत एक धागा आपणांस दिसेल. यंत्रे दर दोन-चार वर्षांनी बदलतात. 'विंडोज १०' ही संगणकप्रणाली घरोघर आणि दुकानोदुकानी होती. तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या देणे थांबविले, आणि चालत असलेला संगणक एका दिवसात जुनापुराणा ठरला. चोराच्या युक्त्या मात्र बदलत नाहीत. घाई करावयास लावणे, भीती घालणे, आणि मुख्य म्हणजे मनुष्याला एकटे पाडणे. 'कोणाला सांगू नका' हे वाक्य ज्याच्या तोंडी आले तो चोर, अशी सरळ खूणगाठ बांधावी. आपल्या मंडळाच्या खात्यातून पैसे काढावयाचे तर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष अशा दोन सह्या लागतात. कोषाध्यक्षांवर आपला अविश्वास असतो म्हणून का? एकट्या मनुष्याला चकविणे सोपे आणि दोघांना कठीण, एवढाच त्यामागे विचार. तीच रीत घरात का नसावी? अमुक रकमेच्या पुढचा कोणताही व्यवहार, मग तो आजोबांचा असो की नातवाचा, दुसऱ्याला विचारल्यावाचून करावयाचा नाही, असे प्रत्येक घराने ठरवावे. यात म्हाताऱ्यांचा अपमान मुळीच नाही. हा नियम मुलांनाही लागू असावा. ऑनलाइन जुगारात बापाचे पैसे घालविणारी मुलेही आहेत.

आता मी थोड्या अवघड गोष्टीकडे येतो. ज्याचे पैसे गेले तो बहुधा बोलत नाही. रुपये गेल्याचे दुःख थोडे, चारचौघांत 'एवढा शिकलेला आणि फसला!' असे म्हणतील याचे दुःख मोठे. आपला समाज लहान; सकाळी पाथरीत झालेली गोष्ट दुपारी मानवतला आणि संध्याकाळी सेलूला पोचते. म्हणून मनुष्य रात्र कुशी बदलीत काढतो, आणि तेवढ्या अवधीत त्याची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहाव्यात जाऊन नाहीशी होते. वस्तुतः पहिला तास-दोन तास हाच काय तो मौल्यवान. १९३० हा सरकारी दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे. तेथे तक्रार नोंदली की पैसा ज्या बँकेच्या खात्यात गेला असेल त्या बँकेला तो अडवून ठेवण्यास तात्काळ कळविले जाते. पैसा खात्यात असेपर्यंतच हा अडसर उपयोगी. तो रोख काढला गेला की मग पोलिसांचे हातही तोकडे पडतात. ज्या समाजात फसलेल्या मनुष्याला हसण्याची चाल आहे, त्या समाजात १९३० वर फोन उशिराच होणार. हे मी कठोर बोलतो आहे, पण या सभेत बोलावयाचे नाही तर कोठे बोलावयाचे?

कुलपे फोडणारे आहेत तसे कुलपे बनविणारेही आपल्याच मातीत निपजले आहेत. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शिक्षण माझ्याइतकेच, म्हणजे दहावीपर्यंत. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानात महिना ४०० रुपयांवर ते नोकरीस लागले. पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले आणि धाकटे बंधू संजय यांना संगणक शिकण्यास कॉलेजात घातले. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असत. संजय यांनी त्या विषाणूंवर उतारा लिहिला. त्यातून 'क्विक हील' उभी राहिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. एक भाऊ हाताचा कसबी, दुसरा शिकलेला. दोघे मिळून काम झाले. आपल्यातील ज्या मुलांना मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसण्याची लाज वाटते, त्यांनी हे चरित्र अवश्य पाहावे. तरुणांसाठीचा दुसरा शब्द तो हा.

आता येऊ घातलेल्या एका यंत्राविषयी. आपण लहानपणी जत्रेत सैरबीन पाहिली आहे. पेटीच्या भिंगाला डोळा लावला की दिल्ली, आग्रा, काशी दिसे. १८३८ साली इंग्लंडातील व्हीट्स्टन या शास्त्रज्ञाने दाखविले की दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रे दाखविली तर मेंदू त्यांचे एकच उठावदार दृश्य बनवितो. त्याच तत्त्वावर १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोके वळेल तसे दृश्य वळविणारा शिरोयंत्राचा पहिला नमुना तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. आता तो चष्म्यासारखा डोळ्यांवर चढतो. २०१४ मध्ये फेसबुकने असे चष्मे करणारी ऑक्युलस कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतली. ॲपलचा चष्मा फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विक्रीस आला. आपल्या ठाण्यातील अज्नालेन्स ही कंपनीही असे चष्मे बनविते. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला लोखंड न जाळता शंभर वेळा सराव करता येतो, हा त्याचा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर काढलेल्या ज्वालामुखीपेक्षा त्या चष्म्यातला ज्वालामुखी निःसंशय सरस असणार.

परंतु सैरबीन आपल्याला पाहत नव्हती. हा चष्मा आपल्याला पाहतो. बुबुळ कोठे वळले, मान किती कलली, हात कसा उचलला, हे सर्व तो टिपतो; टिपल्यावाचून त्याचे कामच चालत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की ॲपलचा चष्मा लावून कोणी पडद्यावर आपल्या प्रतिमेद्वारे बोलत असता, त्या प्रतिमेचे डोळे कोणकोणत्या दिशांना गेले यावरून त्याने टंकलेला सांकेतिक शब्द ओळखता येतो. कंपनीने ती फट त्याच वर्षी बुजविली. त्यापूर्वी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी असा चष्मा लावून खेळणाऱ्या ५० हजारांहून अधिक खेळाडूंच्या केवळ मान व हात यांच्या हालचाली तपासल्या. १०० सेकंदांच्या हालचालीवरून शेकडा ९४ वेळा मनुष्य अचूक ओळखता आला. आपण अंधारात पावलांच्या चालीवरून घरचा मनुष्य ओळखतो, तसेच हे. बँकेचा सांकेतिक शब्द चोरीस गेला तर उद्या बदलता येतो. चाल कशी बदलणार? नातवंडे असा चष्मा मागतील तेव्हा तो द्यावा की न द्यावा हे ज्याचे त्याने ठरवावे. द्यावयाचाच तर त्यातून कोणती माहिती कोणाकडे जाते हे घरातल्या जाणत्याने आधी पाहून घ्यावे, एवढेच मी म्हणेन.

तो चष्मा जी माहिती यंत्राने टिपून घेतो, तिच्या तोडीची माहिती आपण स्वखुशीने छापून वाटतो. यावर काही सभासद नाराज होतील हे जाणून बोलतो. आपल्या स्मरणिकेच्या शेवटी वधू-वर परिचय असतो. त्यात मुलामुलींचे छायाचित्र, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, पगार, वडिलांचा मोबाईल क्रमांक, घरचा पत्ता आणि मामाकुळ, इतके सर्व येते. पूर्वी हे पुस्तक सभासदांच्या कपाटात राही. गेली काही वर्षे त्याची संगणकीय प्रत व्हॉट्सॲपवर फिरते, आणि ती एकदा सुटली की कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. आता विचार करा. आधारपत्राची जी प्रत संगणकावर उतरवून घेतात, तिचे कुलूप म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. बँकांच्या खातेउताऱ्याचे कुलूप अनेकदा जन्मतारखेचे असते. आणि ओळख पटविण्यासाठी विचारला जाणारा जुना प्रश्न कोणता, तर 'आईचे माहेरचे आडनाव सांगा'. आपण ते मामाकुळ म्हणून ठळक अक्षरांत छापतो! ज्याच्या हाती हे पान आहे तो फोन उचलून मुलीच्या नावाने, मुलाच्या कंपनीच्या नावाने, मामाच्या गावाच्या नावाने बोलू शकतो. आणि एवढे सर्व ठाऊक असलेला मनुष्य परका असेल असे आपल्या मनातही येत नाही.

वधू-वर परिचय बंद करावा असे मी म्हणत नाही. त्यातून किती विवाह जुळले हे मला ठाऊक आहे. कित्येक पत्रिका मी स्वतः लिहून दिल्या आहेत. माझे म्हणणे इतकेच की पुस्तकात नाव, शिक्षण, व्यवसाय, गाव आणि एक नोंदणी क्रमांक एवढेच छापावे. जन्मतारीख व वेळ, मामाकुळ, पगार, पत्ता व दूरध्वनी ही माहिती मंडळाच्या कचेरीत एका वहीत राहावी, आणि चौकशी करणाऱ्या कुटुंबाची खात्री पटल्यावर चिटणीसांनी ती द्यावी. यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, पत्रिका जमते की नाही हे जन्मवेळेवाचून कसे कळावे?" ज्यांना गुण पाहावयाचे आहेत ते चिटणीसांकडे एक फेरी अधिक मारतील. पूर्वी आपले वाडवडील सोयरीक पाहावयास बैलगाडीतून तीन-तीन दिवस जात. एका फेरीने कोणाचे लग्न अडावयाचे नाही. शिवाय २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. संगणकावर अशी माहिती साठविणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांनी वकील सभासदांकडून त्याचा अर्थ समजावून घेणे इष्ट होईल. संगणकीय प्रत फिरविण्याचेही मंडळाने थांबवावे. हौशी तरुणांनी ती आपापल्या गटांत टाकू नये.

मी हा औपचारिक ठराव म्हणून मांडीत नाही. तो अधिकार कार्यकारी मंडळाचा आहे. पुढील स्मरणिकेचे अर्ज दिवाळीनंतर छापले जातात. तत्पूर्वी जी बैठक होईल तीत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो. विरोधी मत असणाऱ्या सभासदांनी त्या बैठकीस अवश्य यावे.